ताईच्या मळ्यातला पालक

माझी थोरली बहीण भाजीवाली. कारखान्याच्या भिंतीला लागून तिचा मळा, आणि पालक असा हिरवागार की नजर लागावी. विळा कधी लावायची नाही. बोटांनी एकेक पान खुडायची आणि पहिलं पान स्वतः चावून बघायची. "कडू निघालं तर मला आधी कळू दे," म्हणायची. मी चिडवायचे, "ताई, विकायला उरेल ना काही?"

मग माती तपासायला माणसं आली. कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडायचे, तिथलं पाणी मळ्यात मुरलेलं. मातीत शिसं, पानात शिसं. ताई भांडायलाच उठली, "अहो, मी तीन पाण्यांत धुते!" तपासणारी म्हणाली, "बाई, ते वर नाही, पानाच्या आत आहे." त्याला चव नाही, वास नाही. जन्मभर चावून बघितलं, आणि जिभेला पत्ताच लागला नाही!

मळा बंद झाला. तरी ही बया रोज संध्याकाळी रिकाम्या वाफ्यांच्या कडेला जाऊन बसायची. मी ओरडायचे, "काय ठेवलंय तिथं?" ती म्हणायची, "हात शिवशिवतात गं माझे." मला कळायचं, म्हणूनच तर राग यायचा.

लेकीला मात्र तिनं काहीच कळवलं नव्हतं. सातवा महिना लागला तशी लेक माहेरी आली, आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आई, आपल्या मळ्यातला पालक कर ना. तिकडे स्वप्नातसुद्धा तोच दिसतो."

मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. "सांग तिला. डॉक्टरांना कळायला नको?"

ती बाजारातून आणलेली जुडी निवडत राहिली. "सांगते गं. आधी पोटभर जेवू दे."

लेकीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "हीच ती चव! आपल्या मातीची सर कुणाला नाही."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. "बाजारातला आहे गं तो," ती म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. "उद्या दवाखान्यात जाऊ. रक्त तपासून घेऊ तुझं."

पुढचा घास हातातच राहिला. लेकीचा दुसरा हात आपसूक पोटावर गेला. "मग आई, मी लहानपणापासून काय खाल्लं गं?"

"माझ्या हातचं," ताई म्हणाली, आणि लेकीच्या ताटासमोरच ढसाढसा रडली.