जोड मिळाली नाही

आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. त्यानंतर घरात आम्ही दोघंच, मी आणि वडील. वडिलांनी तरुणपणी गावोगावचे आखाडे गाजवलेले. मुलगाही पैलवान व्हावा, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. मिसरूड फुटताच त्यांनी मला बारामतीच्या एका तालमीत ठेवलं.

मी जोर मारले, बैठका काढल्या, हौदातली तांबडी माती रोज उकरली. बाजाराच्या दिवशी वडील कालव्याच्या कडेनं बैलगाडी हाकत यायचे, घरच्या म्हशीचं तूप आणायचे आणि समोर बसवून मला खायला घालायचे. बरोबरच्या पोरांचे दंड भरले, मांड्या भरल्या. माझ्या फासळ्या मात्र लांबूनही दिसायच्या. दमाला मी कुणाला हार जायचो नाही, पण अंग काही धरेना. हळूहळू लढतीला मला कुणी घेईना. पोरं मातीत घुमायची, तेव्हा मी कोपऱ्यातल्या खांबाशी एकटाच डाव घोटायचो.

पुढं इंदापूरकडच्या एका जत्रेत वडिलांनी मला आखाड्यात उतरवलं. जोड शोधायला एक पंच माझा हात धरून गर्दीपुढून फिरला. माझ्या उंचीचे होते ते अंगानं दुप्पट, आणि माझ्या वजनाची होती ती लहान पोरं.

"ह्याला आधी जेवायला घाला!" कुणीतरी ओरडलं. गर्दी हसली. पंचानं हात सोडला. मी कपडे चढवून वर आलो, तर वडील खाली मान घालून उभे होते.

परतताना गाडीत मी म्हणालो, "आबा, वस्ताद म्हणत्यात, माझी हाडंच बारीक हायेत. किती बी खाल्लं तरी अंगी लागायचं न्हाय."

"वस्तादाला काय कळतंय?" वडील म्हणाले. "माझ्या हातचं खाऊन वाढलास. तुझी आई असती तर भरला असतास."

"तसं न्हाय, आबा."

ते बैल हाकत राहिले.

मी तालीम सोडून शेतात राबू लागलो. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहिल्या तरी थकायचो नाही. वडिलांना त्याचं कौतुक वाटलं नाही. ताटावर बसलं की ते माझ्या मनगटाकडं बघायचे आणि मी भूक नसतानाही आणखी अर्धी भाकरी मागून घ्यायचो.

ते गेल्यावर चुलीपुढं मी एकटाच बसू लागलो. लागेल तेवढंच खाऊ लागलो. अंग होतं तसंच राहिलं.