खालीची चिठ्ठी

हिंदी मुलखातल्या मराठी मंडळी, इथल्या सिविक सेंटरच्या सायबर कॅफेतून लिहून राहिलो. हातावरचं काळं अजून निघालं नाही.

आज माझ्या जुन्या रोटरी टर्बो गाडीचे व्हॅक्यूम होज, म्हणजे इंजिनावरच्या बारीक रबरी नळ्या, बदलले. प्लांटमधून रिटायर झालेल्या बाबांनी तडकलेले होज काढले, शटडाउनमधल्या दुरुस्तीच्या सवयीनं, कोणता होज कुठला ते कळावं म्हणून जागोजागी चिठ्ठ्या लावल्या. नवे मी बसवले.

गाडी सुरू होताच फुसफुस, थरथर, बंद. तीनदा तपासलं, काही सापडेना.

बाबा वाकले. "खालचा होज कावून नाही लावला?"

"तुम्हीच तिथल्या चिठ्ठीवर 'खाली' लिहिलं न. मले वाटलं, ती जागा रिकामी सोडायची."

"मराठी चिठ्ठी हिंदीत वाचून राहिला का तू?"

गाडी आता मस्त चालते. मलेच चैन नाही. घरात मराठीच बोलतो मी, मग हिंदीत वाचाले कधी लागलो? तुमचं असं कधी झालं, ते तुमाले कळलं होतं का?