टूलची उंची

श्रीपाद निजसुरे गेल्यावर सात महिन्यांनी त्यांच्या पत्नीने, चंद्रप्रभाबाईंनी, हिंदी मुलखातल्या, जानकीपुरमच्या घरातलं त्यांचं लोखंड कातायचं लेथ मशीन विकायला काढलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर श्रीपादरावांनी ते हौसेने घेतलं होतं.

चिनहटहून सक्सेना नावाचे एक वर्कशॉपवाले बघायला आले. त्यांनी घाईघाईने कापायचं टूल बसवलं आणि फिरत्या लोखंडी सळईचं तोंड सपाट करून पाहिलं. मधोमध एक बारीक टोक तसंच राहिलं.

"मशीन में ही गड़बड़ है, माताजी."

"मशीन ठीक है. टूल नीचे बैठा है," म्हणत बाईंनी ड्रॉवरमधून करवतीच्या पात्याचा, हॅक्सॉ ब्लेडचा, एक तुकडा काढून दिला. "ये उसके नीचे रखिए."

तुकडा ठेवल्यावर टोक साफ निघालं. सक्सेनांनी वळून विचारलं, "आप चलाती थीं?"

"नहीं. मैं टॉर्च पकड़ती थी."

सौदा ठरला. सोमवारी टेम्पो येणार होता.

सक्सेना निघून गेल्यावर बाईंनी पहिल्यांदाच स्वतः मशीन सुरू केलं. त्यांनी दुसरं टूल लावलं, त्याखाली तुकडा सरकवला. दोनदा टोक राहिलं. तिसऱ्यांदा अजून एक पातळ पत्रा घातला आणि सळईचं तोंड गुळगुळीत निघालं.

"अहो, जमलं बघा," त्या मोठ्याने म्हणाल्या. मुलगा निनाद फोनवर हिंदीतच बोलायचा. त्या घरात सात महिन्यांत मराठी शब्द उमटला नव्हता.

सोमवारी मशीन गेलं. बाईंनी खोली झाडून काढली. लोखंडाचा कीस मात्र कोपऱ्यांतून आठवडाभर निघत राहिला.