डुलेमामांची मान

डुलेमामांची मान थांबलेली मी आयुष्यात दोनदाच पाहिली. एरवी ती सतत डुलायची. गाडी हाकताना, भाकरी खाताना, बैलांच्या शिंगांना तेल लावताना, आणि मुख्य म्हणजे दुसरं कुणी बोलत असताना. त्यांचं खरं नाव भिवा. आम्ही भावंडांनी त्यांचे डुलेमामा केले, आणि त्यांना ते आवडायचं.

नातवंडांनो, मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या वर्गातली मुलं विचारतात, तुमची आई समोरच्याचं ऐकताना मान डोलावते, त्याचा अर्थ हो की नाही? उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण या प्रश्नाला मी एकदा एका शब्दात उत्तर दिलं होतं आणि ते खोटं होतं. म्हणून या वेळी क्रमाने लिहिते.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. माझे वडील, अण्णा, मोमिनाबादच्या तहसिलीत पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचे अधिकारी होते. मोमिनाबाद म्हणजे तुमच्या नकाशातलं अंबाजोगाई. डुलेमामा आमचे गाडीवान, माझ्या जन्माआधीपासूनचे. संध्याकाळी आजी पोथी वाचायला बसली की ते ओसरीच्या पायरीवर बसून हुंकारा द्यायचे. आमच्याकडे कथा सांगणाऱ्यासमोर कुणीतरी 'हूं, हूं' करत राहायचं असतं, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं की कुणी ऐकत नाही. मामांचा हुंकारा तोंडाचा नव्हता, मानेचा होता. मी मध्येच काही विचारलं की म्हणायचे, "बोलणाऱ्याला मधी तोडू न्हाई, आक्का. त्याचं सरू द्यावं, मंग आपलं."

मी तेरा वर्षांची होते. पुण्याला मावशीकडे राहून इंग्रजी शिकत होते आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले होते. मला परत पाठवायचं की नाही यावर घरात रोज वाद होई. आई म्हणायची, "पुरे झालं आता. पोर हाताबाहेर जाईल." त्यातच एक विलायती मडम आली. तिला धर्मापुरीच्या जुन्या देवळावरच्या मूर्तींची चित्रं काढायची होती, आणि तिच्याजवळ तालुकदारसाहेबांची, म्हणजे जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याची, चिठ्ठी होती. अण्णांनी तिला आमची गाडी दिली, सोबतीला आत्या दिली, आणि दुभाषी म्हणून मला पाठवलं. आईला म्हणाले, "बघ, शिकवल्याचा उपयोग झाला की नाही?"

मडमला सगळ्यात मोठं कोडं पडलं ते आमच्या मानांचं. वाटेत एका वस्तीवर तिने मला न सांगता स्वतःच खुणेने दूध मागितलं. घरातल्या बाईने मान डोलावली आणि ती आत चरवी आणायला गेली. बाहेर येते तो मडम 'नाही' समजून गाडीत बसलेली आणि गाडी चाललेली. बाई चरवी घेऊन मागे धावली. "आगं ए बाई, दूध मागून पळतीस कावून?" आम्ही पोट धरून हसलो.

मग मडमने वही काढली आणि मी तिला क्रमांक घालून अर्थ सांगितले. एक, मान एकदाच बाजूला कलली, तर 'ठीक, चला'. दोन, हनुवटी वर उडवली, तर 'काय आहे?' तीन, मान दोन्ही बाजूंना डुलत राहिली, तर 'हो'. हीच डुलणारी मान 'ऐकतोय, बोला' असंही म्हणते, हे मी सांगितलं नाही. मला ते माहीत होतं. पण यादी सुटसुटीत दिसत होती.

मडम लगेच सराव करू लागली. 'येस, येस' म्हणत मान हलवायची आणि तिची टोपी गाडीत पडायची. मामा म्हणाले, "मडमची मान लई आखडल्याली हाय. वंगण घालाया पायजे." मी ते इंग्रजीत सांगितलं, तर तिला हसू आवरेना. धर्मापुरी येईतो मामा बैलांनाही "येस रं, येस" म्हणून हाकू लागले.

मडमजवळ शिंगाच्या मुठीचं एक भिंग होतं. ते तिच्या वारलेल्या वडिलांचं. त्यातून ती मूर्तींच्या अंगावरचे दागिने न्याहाळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आणि आत्या देवळाच्या सावलीत लवंडल्या होत्या, तेव्हा मी ते न विचारता उचललं आणि देवळाजवळच्या बारवेच्या पायऱ्यांवर मुंग्या बघत बसले. हात घामेजला होता. भिंग निसटलं, दोन पायऱ्यांवर आपटलं आणि पाण्यात गेलं. मी वर पाहिलं. काठावर मामा बैलांसाठी पोहरा सोडत होते. मी तिथून पळाले.

मडमने सामान दोनदा उपसलं. मग मामांना बोलावलं, कारण गाडीत सारखे तेच चढत-उतरत होते. मला म्हणाली, "त्यांना विचार. मी रागावणार नाही. घेतलं असेल तर फक्त परत द्यावं."

मी जमिनीकडे बघत म्हणाले, "मामा, मडमचं भिंग सापडत नाही. तुम्ही घेतलंय का, असं त्या विचारतात."

मी बोलत होते तेव्हा त्यांची मान डुलत होती. माझं बोलून झालं तरी डुलतच राहिली. ते माझ्याकडे बघत होते.

मडमने वही उघडली. "तिसरा क्रमांक. म्हणजे हो. बरोबर ना?"

मला आईचा चेहरा दिसला आणि शाळेचं बंद होणारं दार दिसलं. मी म्हणाले, "येस."

तेवढा शब्द मामांना आता कळत होता. त्यांची मान थांबली. ही पहिली वेळ.

मडम वाईट नव्हती. फौजदाराकडे जाऊ नका, असं तिनेच अण्णांना सांगितलं. पण तालुकदारसाहेबांच्या पाहुणीकडे आपल्या गाडीवानाने चोरी केली, याने अण्णा हादरले. ओसरीवर त्यांनी विचारलं, "भिवा, काही सांगायचंय?" मामांनी दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी आणखी मागे सरले. मग ते म्हणाले, "न्हाई जी." त्याच दिवशी त्यांचं काम सुटलं. जाताना दोन्ही बैलांच्या कपाळांवर हात ठेवला. सुटी संपल्यावर मी पुण्याला परत गेले. मडमने माझ्या इंग्रजीचं इतकं कौतुक केलं होतं, की आईचा विरोध मावळला होता.

पुढे मी शिकले, शाळेत शिकवलं, तुमच्या आईलाही शिकवलं. म्हणून ती आणि तुम्ही आज तिकडे आहात. त्या साखळीची पहिली कडी कोणती, हे मला ठाऊक आहे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, राज्य अजून निजामाचंच होतं, मी बीडहून मोटारीने येत होते. मांजरसुंब्याला मोटार थांबली. लिंबाखाली एक म्हातारा अंबाडीचं चऱ्हाट वळत बसला होता आणि त्याची मान डुलत होती.

मी त्यांच्यासमोर मातीत बसले आणि सगळं सांगितलं. भिंग, बारव, माझी भीती, तो एक शब्द. ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. मान डुलत होती. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "सरलं?"

"सरलं."

मान थांबली. ही दुसरी वेळ.

"तुम्ही काठावर होतात ना, मामा? पाहिलं होतंत ना?"

"पायलं व्हतं की."

"मग अण्णांना सांगितलं का नाही?"

"तुमचं सांगून व्हयाचं व्हतं, आक्का. मधी कसं तोडावं? म्हनलं, आता बोलत्याल, मंग बोलत्याल." त्यांनी चऱ्हाटाला पीळ दिला. "मंग कुनी गाडीला हात लावू देईना. चोर म्हनून." आणि दुसरा पीळ देत, "लई येळ लावला तुमी."

मोटारीचा भोंगा वाजला. मला उठवेना. तेव्हा त्यांनी मान एकदाच बाजूला कलती केली. माझ्या यादीतला पहिला क्रमांक. ठीक, चला. माफीचा अर्थ त्या यादीत नव्हता, आणि मीही तो नंतर कधी तिच्यात घातला नाही.

तेव्हा वर्गातल्या मुलांना सांगा, आमची आई मान डोलावते तेव्हा ती हो म्हणत नसते आणि नाहीही म्हणत नसते. ती ऐकत असते. आणि तुमचं तिला काही सांगायचं राहिलं असेल, तर ती मान डुलते आहे तोवर सांगून टाका.