घोयऱ्यांसाठी रातकिडे

माझे यजमान कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. लग्न होऊन मी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आले, त्याच पावसाळ्यात त्यांनी कागलच्या बाजूच्या एका कुंपणातून दोन घोयरे आणले. घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा, लांब जिभेचा हिरवा सरडा. एक नर होता, एक मादी. मागच्या पडवीत जाळीचं खोकं ठोकून त्यांनी आत पेरूची फांदी खोचली. मादी अंडी घालील, मग ती किती दिवसांनी फुटतात ते बघायचं, एवढाच त्यांचा विचार होता.

श्रावण-भाद्रपदात मला त्याचा काही त्रास नव्हता. ते रंकाळ्याच्या काठाने घरी यायचे आणि जुन्या पंच्याच्या झोळीत नाकतोडे भरून आणायचे. दिवाळीनंतर गवत वाळलं, झोळी रिकामी यायला लागली. घोयऱ्याला मेलेलं चालत नाही. समोर हलेल तेच तो खातो. मग घरातच किडे वाढवायचं ठरलं. ठरवलं त्यांनी, आणि दिवसभर घरात होते मी.

आधी झुरळं झाली. मोठी झुरळं मादी तोंडात धरून टाकून द्यायची, आणि वास तर पार स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मग कोंड्यातल्या अळ्या झाल्या. त्या कोंड्यात खोल जाऊन बसायच्या, घोयऱ्यांना दिसायच्याच नाहीत. शिवाय रेशनच्या गव्हाचा कोंडाही आम्ही भाकरीच्या पिठात मिसळत होतो. तो अळ्यांना घालताना माझा हात जड व्हायचा.

रातकिडे सुचवले ते आमच्या गवळ्याने. तो रोज सकाळी दारात म्हैस आणून पिळायचा. एकदा मी पडवीत कोपरे उकरताना त्याने पाहिलं.

"काय हुडकताय, वैनी?"

"किडे. सरड्यांना घालायला."

"माणसाला मिळंना झालंय, आन् सरड्याला पंगत हाय व्हय?" मग म्हणाला, "आमच्या गोठ्यात कडब्याखाली रातकिडं चिक्कार हायत की. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी त्याने मडकंभर आणले. रॉकेलचा डबा कापून त्यात मी फुटक्या कौलांचे तुकडे ठेवले, कोबीची पानं टाकली आणि मातीच्या एका पसरट परळात ओली वाळू भरली. रातकिडे त्या वाळूत अंडी घालायचे. वाळू सुकली की अंडी गेली, फार भिजली की बुरशी. पिल्लं मुंगीएवढी निघायची. खऱ्या मुंग्या येऊ नयेत म्हणून डब्याखाली पाण्याची परात ठेवायची. खायला कमी पडलं तर रातकिडे एकमेकांना खायचे. दिवेलागणीला त्यांची किरकिर सुरू झाली की माझं डोकं उठायचं. पण घोयरे ते आवडीने खात, मादी अंगाने भरली. यजमान खूश होते. "तुला हे चांगलं जमतं," ते म्हणायचे. मला ते न जमतं तर बरं झालं असतं.

चैत्रात ते तापाने पडले. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. दर दोन तासांनी पेज, कपाळावर घड्या, उकळलेलं पाणी, चादरी. मला तेव्हा तिसरा महिना होता, सकाळी उभं राहिलं की भोवळ यायची. त्या धांदलीत चार दिवस वाळूवर पाणी शिंपडायचं राहिलं. अंडी वाळून गेली. मोठे रातकिडे आठवड्यात संपले.

एका दुपारी खोक्यात टाकायला काहीच नव्हतं. परसातल्या विहिरीपलीकडे रुईची झुडपं होती. त्यांवर पिवळे-निळे टोळ बसलेले असत, धरायला गेलं तरी उडत नसत. मी सात-आठ वेचून आणले. इतके सोपे मिळाले म्हणून मनातून बरंच वाटलं. नराने तोंड फिरवलं. मादीने एक गिळला, मग दुसरा. संध्याकाळी तिने ते ओकून टाकले. तिसऱ्या दिवशी ती फांदीखाली काळीठिक्कर पडलेली दिसली. पोटात अंडी होती. मी तिला परसातल्या पेरूच्या झाडाखाली पुरलं.

"मादी खाते का?" ते अंथरुणातून रोज विचारायचे.

"खाते," मी सांगायचे.

अकरा दिवस मी तेच सांगितलं. बाराव्या दिवशी ते भिंत धरत पडवीत गेले. मी मागे जाऊन उभी राहिले.

"कधी?"

"तुम्हाला ताप होता तेव्हा."

"काय दिलं होतंस?"

"रुईवरचे टोळ."

ते पायरीवर बसले. "रुईचा चीक असतो गं त्यांच्यात," ते म्हणाले. "विषारीच ते. तुला सांगायला हवं होतं मी."

मी रडले नाही, रागावलेही नाही. चुलीवर पेज होती, ती उतू जाईल म्हणून आत गेले. त्यांना हाताला धरून परत अंथरुणावर न्यावं, एवढंही तेव्हा सुचलं नाही. ते बराच वेळ तिथेच बसून होते.

नराला मी त्याच आठवड्यात गवळ्याच्या मळ्यावर नेऊन कुंपणावर सोडलं. तो डुलत डुलत आत गेला. डब्यातला उरलासुरला पाला गवळ्याच्या कोंबड्यांपुढे उपडा केला.

आषाढात एका विद्यार्थ्याने पिशवीतून घोयरा आणला. यजमानांनी पिशवी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. सहावा महिना होता, मी खांबाला टेकून तांदूळ निवडत होते.

"गवत हिरवं आहे तोवर ठेवा," मी म्हटलं. "नाकतोडे तुम्ही आणायचे. दिवाळीला सोडून यायचं."

"बरं," ते म्हणाले.

पुढे कितीतरी वर्षं आमच्या पडवीत घोयरे आले आणि दिवाळीला गेले. अंडी किती दिवसांनी फुटतात ते त्यांना शेवटपर्यंत बघायला मिळालं नाही.