करी रोड ते हिंदमाता, साहेबांसोबत

माझ्या भटकंतीच्या ब्लॉगवर तुम्ही हिमालयातल्या स्पितीची वाट बघताय, माहीत आहे. सॅक भरून तयार होती. पण निघायच्या आठवड्यातच आमच्या करी रोडच्या खोलीतले साहेब गेले, आणि मी स्पितीऐवजी दादरच्या हिंदमात्याला जाऊन आलो. हसू नका. एरवी पायी रमतगमत पाऊण तासाची वाट, आम्हाला अख्खी सकाळ पुरली नाही.

साहेब म्हणजे आमचा खिडकीतला एसी. बाबा गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. संपानंतर गिरणी रडतखडत चालली, मग बंदच पडली आणि आतल्या सामानाचा लिलाव झाला. त्यात बाबांनी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधला एसी उचलला. रजा मागायला ते एकदाच त्या केबिनमध्ये उभे राहिले होते. रजा मिळाली नाही, गार हवा मिळाली, तेवढीच काय ती ओळख. दहा बाय बाराच्या खोलीत तो बसला आणि त्याचं नाव साहेब पडलं. "साहेब गळतायत, बादली लाव," असं आई पाहुण्यांसमोरही बिनदिक्कत म्हणायची.

या वेळी मात्र मेकॅनिकने हात टेकले. मी म्हटलं, भंगारवाल्याला बोलावतो, खाली गल्लीतच फोडून नेईल. बाबा ताडकन उठून बसले.

"फोडायचा नाही. एकेक स्क्रू काढून रीतसर खोलायचा, माझ्यासमोर. नाहीतर राहू दे खिडकीत."

यामागचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच लिलावात बाबांचा साचाही भंगारात गेला, आणि नेणाऱ्यांनी तो जागेवरच घणाने फोडला. बाबा तेव्हा खात्याच्या दारात उभे होते. घरी येऊन एवढंच म्हणाले होते, "नट खोलायलापण कुणाला वेळ नव्हता." ते वाक्य आठवलं, म्हणून मी वाद घातला नाही.

चौकशी केल्यावर हिंदमात्याच्या मागच्या गल्लीत अन्वरभाई सापडले. ते जुने एसी रीतसर सुटे करतात आणि धातू पुढे विकतात. त्यांनी फोनवरच दम भरला, "घर पे पाईप काटना मत." वाचकहो, लिहून ठेवा: एसीतला गॅस हवेत सोडायचा नसतो, मशीनने सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा असतो. अंगावर उडाला तर गारठ्याने कातडी जळते. तुमचा भंगारवाला "कुछ नहीं होता" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

एसी जड, म्हणून बाबांनी आदल्या दिवशी साचेखात्यातले जुने दोस्त सावंतकाका यांना फोन केला. म्हणाले, "साहेब गेले. उद्या सकाळी नेतोय." हात लावायला ये, हे सांगायचं राहूनच गेलं. सकाळी काका दारात हजर. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, हातात झेंडूचा हार.

"खराच गेलो तो?"

"गेला. कॉम्प्रेसर बसला," बाबा म्हणाले.

"म्हणजे हार्टच," काकांनी मान हलवली.

मला शंका आली. विचारलं, "काका, मॅनेजरवर तुमचा एवढा जीव होता?"

"जीव खंयचो! मी खात्री करूक इलंय. हार आपलो, रिकाम्या हातान कसा येवचा म्हणान."

खुलासा झाल्यावर काका खट्टू झाले. पण विकतचा हार फुकट कशाला घालवा, म्हणून तो एसीलाच घातला. अशा थाटात आमची हातगाडी निघाली. हातगाडी ठरवायची तर भाव माल उचलण्याआधी ठरवा. एकदा जिना उतरलात की अडलात.

पहिला मुक्काम लालबाग. मसाल्याच्या दुकानांपाशी मिरची कुटणं जोरात चालू होतं, आणि आम्ही चौघेही, गाडीवाल्यासकट, शिंकून शिंकून बेजार झालो. डोळे लाल, नाकं लाल, मध्ये चादरीत गुंडाळलेली, वरून हार घातलेली वस्तू. समोरून येणाऱ्या एका बाईंनी हात जोडले. काकांनी त्यांना गंभीरपणे नमस्कार केला. रुमाल नक्की न्या.

परळला वडापाव आणि कटिंग. वडा गरम होता, चटणीत लसूण भरपूर, पण उभं राहून खावं लागलं. एक बाकडं होतं, त्यावर काकांनी हार चुरगळू नये म्हणून तो काढून ठेवला होता. मी एकदा सरकवून बघितला, तर ओरडा खाल्ला.

हिंदमात्याला साड्यांच्या दुकानाबाहेरचा पोऱ्या बाबांना बघून ओरडला, "या साहेब, बसा साहेब!"

"साहेब बसलेत, म्हणून तर चाललोय," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पुढच्या सिग्नलपर्यंत हसत राहिले.

अन्वरभाईंनी हातमोजे चढवले, आम्हाला दोन हात लांब उभं केलं आणि कव्हर काढलं. आधी एका डबीसारख्या भागाच्या टोकांना त्यांनी वायर लावलेला बल्ब टेकवला. बल्ब क्षणभर चमकला.

"प्लग निकालने के बाद भी इस में करंट रहता है," ते म्हणाले.

"रिटायर झालो तरी झटको देताच," काका म्हणाले.

मग मशीनची नळी जोडून उरलासुरला गॅस ओढून घेतला. तेल निघालं. तांब्याची जाळी अलगद बाहेर आली, तिच्या पत्र्यांच्या कडा ब्लेडसारख्या. बाबा स्टुलावर बसून प्रत्येक स्क्रू हातात घ्यायचे आणि डब्यात टाकायचे. चेहरा असा समाधानी की मी फोटो काढायचंही विसरलो.

शेवटी कॉम्प्रेसरचा एकच बोल्ट उरला. गंजून पार एकजीव झालेला. तेल सोडलं, थांबलो, पाना लावला, घसरला. पुन्हा घसरला. अन्वरभाईंनी पाना खाली ठेवला.

"चाचा, गॅस निकल गया है, खतरा नहीं. पण अब छन्नी-हथौडाच चलेगा. आप बोलो तो मारू, नहीं तो ऐसाच वापस ले जाओ."

बाबा 'नाही' म्हणाले असते तर मी ते धूड परत करी रोडला नेलं असतं, खरंच नेलं असतं. बाबांनी बोल्टावरून बोट फिरवलं.

"साच्याच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. मग चष्मा नीट केला. "द्या इकडे."

पहिला घाव छन्नीवरून सटकला. दुसऱ्याला बोल्ट टणकन तुटला.

"अरे, माका पण एक मारूक दी!" काका ओरडले.

"आधी सांगायचं," बाबा म्हणाले. त्यांनी तुटलेला बोल्ट उचलून डब्यात टाकला.

तांब्या-ॲल्युमिनियमचे जे पैसे आले त्यात हातगाडी, वडे आणि परतीची टॅक्सी भागली. आता आमची खिडकी उघडी आहे. रस्त्याचा गोंगाट येतो, धूळ येते, बऱ्यापैकी वाराही येतो. नवा एसी घेऊ का, विचारलं तर बाबा "बघू" म्हणतात. स्पिती यंदा हुकली, पण वाईट वाटत नाही. इतकी वर्षं बाबांच्या गिरणीच्या गोष्टी लिलावाच्या दिवसाशी येऊन थांबायच्या. परवा जेवताना त्यांनी त्या दिवसाबद्दल आपणहून सांगितलं, सगळं, अगदी साच्याचा कुठला भाग आधी फुटला इथपर्यंत.

काल गॅलरीत शेजारच्या काकूंनी मुद्दाम तोंड पाडून त्यांना विचारलं, "साहेब गेले म्हणे. फार त्रास नाही ना झाला?"

"शेवटी थोडा झाला," बाबा म्हणाले. "पण मी होतो जवळ."