टोपली डोक्यावर असताना कोणती लाथ?

वीसजणी एका सभागृहात लाथा मारायला शिकत असल्या, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. वर्ग संपल्यावर मी केर काढते तेव्हा केसांच्या पिना, ब्लाउजचे हुक आणि किमान एक किस्सा झाडूत हमखास सापडतो.

मी मालवणात भौतिकशास्त्र शिकवते, आणि शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात बायकांना स्वसंरक्षण. कराटेत माझी पंधरा वर्षे गेली आहेत, त्यामुळे कराटेबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि कराटेच्या व्हिडिओंबद्दल शंका. म्हणून माझ्या वर्गात लाथ निवडण्याच्या तीन कसोट्या आहेत. अंगावरच्या कपड्यांत ती जमली पाहिजे, ओल्या चिऱ्यावर जमली पाहिजे, आणि पाय लगेच जमिनीवर परतला पाहिजे. यांपैकी एकीतही नापास झालेली लाथ, कितीही देखणी असली तरी, नापासच!

*

पहिल्या दिवशी प्राजक्ता आली. बँकेत नोकरी, वय चोवीस, आणि मोबाइलमध्ये गिरकी घेऊन डोक्यात बसणाऱ्या लाथांचे शेकडो व्हिडिओ.

"मॅडम, थेट डोक्यात मारायची ना?"

"त्याच्या डोक्यापर्यंत पोचण्याआधी तुझा पाय त्याच्या हातात असेल," मी म्हटले.

पटले नाही. तिने गिरकी घेतलीच. सराव रोजच्या चपला घालूनच करायचा हा माझा नियम. तिची चप्पल खिडकीतून बाहेर गेली. दोन मिनिटांनी शेजारच्या काकी ती चप्पल दोन बोटांत धरून दारात उभ्या!

"ही कोणाची गो? आमच्या वाळत घातलेल्या सोलांत पडली. आता सोलकढी करतंय ती तुमीच पिया!"

त्या दिवसापासून प्राजक्ताचा पाय ढोपराच्या वर गेलेला नाही.

*

परबबाई निवृत्त शिक्षिका. त्यांची तक्रार उलट होती.

"माझा गुडघा वर येतच नाही हो."

"येऊ नये. त्याची नडगी खालीच असते."

हे वाक्य त्यांना इतके आवडले की त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. खालच्या लाथेचा सराव रोज करा, असे मी सांगितले होते. ज्या व्यक्तीने आयुष्यभर गृहपाठ तपासला, ती स्वतःचा गृहपाठ चुकवेल कशी?

पुढच्या शनिवारी त्यांना सोडायला त्यांचे यजमान आले. दोन्ही पायांना क्रिकेटचे पॅड बांधून!

"मॅडम," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सुट्टीचा एखादा वार ठरवून द्याल का?"

*

साडीचा प्रश्न मात्र मला सुटत नव्हता. पंजाबी ड्रेसमध्ये जमणारी लाथ साडीत अडकत होती. तेव्हा परबबाईंनी बाबलकाकांना बोलावले. बाबलकाका दशावतारात तीस वर्षे स्त्रीपार्ट करतात. नऊवारीत राक्षस मारण्याचा एवढा अनुभव जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला असणार?

मी नाटकी प्रात्यक्षिकाच्या अपेक्षेने, म्हणजे काहीशा अविश्वासानेच, उभी होते. काकांनी पदर खोचला, पाय किंचित फाकले आणि एक पाय सरळ पुढे, खालच्या खाली, ढकलला. निरी हललीसुद्धा नाही. वर अशी आरोळी ठोकली की प्राजक्ता भिंतीला टेकली.

"राकसाक राग दाखवचो तो डोळ्यांनी नि गळ्यान. पाय ढोपराच्या खालीच!"

तिन्ही कसोट्यांवर ही लाथ उतरत होती. "काका, हे तंत्र कुणी शिकवलं?"

"शिकवतलो कोण? साडी बायलेची आसता. फाटली तर खरो राकस घराक!"

*

आता सुमनविषयी. माझ्याच वर्गातली सुमन मासळी विकते. पहाटेच्या लिलावानंतर ती भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बंदराच्या चिऱ्याच्या पायऱ्या चढते आणि बाजारात नेहमीच्या जागी बसते. गेले काही दिवस एक इसम रोज सकाळी त्या पायऱ्यांवर उभा राहत होता. तो बायकांची वाट अडवायचा, आणि दोन्ही हात टोपलीला गुंतलेले पाहून अंगाला हात लावायचा. मी पोलिसांना अर्ज लिहून दिला होता, चौकशी सुरू होती. पण बाजार चौकशीसाठी थांबत नाही.

"सासू म्हणता, थोडे दीस घराक बस," सुमन म्हणाली. "आठ दीस घराक बसलंय तर माजी जागा गेली मगे! बाजारात रिकामी जागा कोण ठेवता? बाई, माका एकच सांगा. टोपली डोक्यार आसताना खंयची लाथ मारूची?"

माझ्याकडे उत्तर तयार होते. भार डोक्यावर म्हणजे गुरुत्वमध्य वर, म्हणजे तोल नाजूक. "आधी टोपली टाकायची," मी ठामपणे म्हटले.

सुमनने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"टोपली टाकूची? म्हणजे तो जिंकलो ना!"

पदवीला हे कुणी शिकवले नव्हते.

*

तरीही मी पुराव्याशिवाय मत बदलत नाही. पुढच्या शनिवारी सुमनला मोकळ्या डोक्याने बाबलकाकांची लाथ मारायला लावली. समोर भिंतीला टेकवलेला जुना टायर. ती डुलली. दुसऱ्यांदा मारली, तर प्राजक्ताच्या अंगावरच गेली.

"बघ, टोपलीशिवाय ही अवस्था!" मी म्हटले.

"टोपलीशिवाय म्हणानच!" सुमन म्हणाली. "माका टोपली दिया."

टोपलीत नारळ भरले. ती डोक्यावर चढताच सुमनचा कणा ओळंब्यासारखा सरळ झाला. तळपाय टायरवर बसला आणि परत जमिनीवर आला. नारळ जागच्या जागी! दहा वेळा मारायला लावली, दहाही वेळा तसेच. तिच्या शरीराला तोल सांभाळायची सवय होती ती भाराखालीच. माझे शास्त्र चूक नव्हते, मी ते चुकीच्या बाईला लावले होते.

मग मी दोनच सूचना दिल्या. एक, आधी मोठ्याने, एकदाच सांगायचे. दोन, त्याला मारणे हा आपला उद्देश नाही, वाट मोकळी होणे हा आहे.

*

शेवटचा प्रसंग मी स्वतः पाहिलेला नाही. म्हणून तो तिघींकडून वेगवेगळा विचारून घेतला. एक लिलाव पुकारणारी, एक सुमनच्या मागून टोपली घेऊन चढणारी, आणि तिसरी मासळी घ्यायला आलेली प्राजक्ता. तिन्ही हकिकती जुळतात.

तो इसम तिसऱ्या पायरीवर उभा होता. सुमन दुसऱ्या पायरीवर थांबली.

"वाट सोड!"

आवाज धक्क्यापर्यंत गेला. बाबलकाकांना अभिमान वाटला असता. तो हसला आणि त्याने हात पुढे केला.

सुमनचा पाय उचललेला कुणाला नीट दिसला नाही. तो मात्र नडगी धरून पायरीवर बसलेला सगळ्यांना दिसला. टोपली हलली नाही.

"तसोच बाजूक बस," सुमन म्हणाली. "मासळीवरचो बर्फ इरघळता!"

आणि ती वर चढली. मागच्या सगळ्याजणी टोपल्या सांभाळत, त्याच्याकडे न बघता, त्याच्या बाजूने वर गेल्या. सुमन आपल्या जागेवर बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. पायरी तेव्हापासून रिकामी आहे.

शनिवारी वर्गात टाळ्या वगैरे झाल्या. माझे समाधान अर्थातच अपुरे होते. तिन्ही साक्षीदारांना एक तपशील सांगता आला नव्हता.

"सुमन, डावा पाय मारलास की उजवा? आणि बरोबर नडगीवरच लागला, की खाली?"

सुमनने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

"खाली कोण बघता, बाई? बांगडे पडले आसते ना!"